पाण्याचा पुरावा : विषारी नील-हरित शैवाल कसे ओळखतात?

चैत्र-वैशाखात जव्हार-मोखाड्यातील पाणवठे आटू लागतात. उरलेले पाणी संथ होते, उन्हाने तापते आणि कधी कधी त्यावर हिरवा तवंग धरतो. आपण त्यास शेवाळ म्हणतो, पाणी फडक्याने गाळतो, उकळतो आणि निर्धास्त होतो. ही निर्धास्ती प्रत्येक वेळी योग्य नसते.

अशा तवंगात पुष्कळदा नील-हरित शैवाल असते. नावाने शैवाल असले तरी ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारे जीवाणू होत. त्यांतील काही जाती भातखाचरात हवेतील नत्र जमिनीला देतात. त्या आपल्या मित्रच. मायक्रोसिस्टिससारख्या जातींचे काही वाण मात्र यकृतावर आघात करणारे विष तयार करतात. उकळल्याने ते विष नष्ट होत नाही. उलट पेशी फुटून ते पाण्यात उतरते.

1979 साली ऑस्ट्रेलियातील पाम बेटावरच्या आदिवासी वस्तीत हेच घडले. धरणातील शेवाळ मारण्यासाठी मोरचूद टाकले गेले आणि काही दिवसांतच 138 मुले व 10 प्रौढ आजारी पडले. उलट्या, सुजलेले यकृत, मूत्रपिंडास इजा अशी लक्षणे होती. सर्वजण वाचले, पण कारण लगेच उमगले नाही. पुढे संशोधकांनी त्या धरणातील एक जात वेगळी काढून वाढवली आणि उंदरांवर तपासली. तिच्या विषाची रासायनिक रचना 1992 मध्ये उलगडली. विशेष म्हणजे ही जात सहसा पृष्ठभागावर तवंग धरत नाही. डोळ्यांची साक्ष येथे अपुरी पडते.

म्हणून शास्त्रज्ञ तीन प्रश्न क्रमाने विचारतात. पहिला, हे जीव पाण्यात आहेत काय? याचे उत्तर सूक्ष्मदर्शक देतो. दुसरा, त्यांच्यात विष तयार करण्याची क्षमता आहे काय? त्यासाठी पीसीआर तंत्राने विषनिर्मितीची जनुके शोधतात. तिसरा, प्रत्यक्ष विष किती आहे? एलायझा चाचणीत प्रतिपिंडांच्या साहाय्याने ते मोजतात आणि खात्रीसाठी वस्तुमान वर्णपटमापक वापरतात. मायक्रोसिस्टिन-एलआर या विषासाठी जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात नेहमीसाठी सुचविलेली मर्यादा लिटरमागे केवळ 1 मायक्रोग्रॅम आहे.

शाळेतही एक प्राथमिक प्रयोग करता येतो. हातमोजे घालून काचेच्या बरणीत पाणी भरावे आणि रात्रभर न हलवता ठेवावे. हिरवा थर वर तरंगला तर नील-हरित शैवालाचा संशय बळावतो, कारण अनेक जातींच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असतात. हा केवळ संशय होय, निकाल नव्हे. आणि थर वर आला नाही म्हणून पाणी निर्दोष ठरत नाही. ग्रामपंचायतीच्या नेहमीच्या तपासणी संचातही हे विष दिसत नाही. त्यासाठी नमुना काचेच्या बाटलीत, अंधारात व थंड ठेवून सुसज्ज प्रयोगशाळेकडे लवकर पाठवावा लागतो.

निकाल येईपर्यंत ते पाणी पिऊ नये, त्यात मुलांना उतरू देऊ नये, गुरांना पाजू नये आणि त्यात मोरचूद टाकू नये.

इतिहास शिकवताना मी विद्यार्थ्यांना सांगतो की, ऐकीव गोष्ट हा पुरावा नव्हे. ‘स्वतः पारखून घ्या’ ही तथागतांची शिकवण आपल्या मुलांच्या कानी रोज पडते. वावर-वांगणीने 1992 साली बालमृत्यूंचे दुःख सोसले आहे. चौकशी मृत्यूनंतर नव्हे, आधी व्हावी, हे या मातीला कोणी वेगळे शिकवण्याची गरज नाही. आपल्या पाणवठ्यापासून ती सुरू करू या.