विक्रम गप्प का राहिला?

भंडाऱ्याकडच्या घरांत ‘चांदोबा’चा अंक आला, की मुले आधी विक्रम-वेताळाचे पान शोधीत. १९५२ साली मराठीत निघालेले हे मासिक २०१३ साली बंद पडले. तोवर शंकर या चित्रकाराचा तो राजा खांद्यावर प्रेत टाकून स्मशानातून चालतच होता. मूळच्या पंचवीस कथा मासिकाला किती पुरणार? नव्या रचाव्या लागल्या. पिढ्या वाढल्या, पण राजा काही मुक्कामाला पोहोचेना!

वास्तविक त्याला मुक्काम आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त तो सांगितला आहे. त्याचा राजा त्रिविक्रमसेन गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. जोग्यासाठी प्रेत आणायचे, तेही तोंडातून शब्द न काढता. तेवीस वेळा राजाने अचूक उत्तर दिले, आणि तेवीस वेळा वेताळ झाडावर परत! चोविसावा प्रश्न मात्र विलक्षण. रानात दोन बायकांची पावले पाहून बापलेकांनी ठरविले, मोठ्या पावलांची बापाने वरावी, लहान पावलांची लेकाने. निघाल्या त्या मायलेकी, आणि मोठी पावले लेकीची! शब्दाप्रमाणे लग्ने लागली. आता या दोन जोडप्यांच्या मुलांचे एकमेकांशी नाते काय?

राजाला उत्तर सुचेना. तो मुकाट्याने चालत राहिला आणि वेताळ या मौनावरच खूष झाला. जोग्याचे कपट त्याने फोडले. “साष्टांग नमस्कार कसा घालतात, ते तूच दाखव,” असे राजाने म्हणताच जोगी आडवा झाला आणि त्याचे मुंडके उडाले. मुलांना आणखी काय हवे?

पण एखादे चौकस पोर पांघरुणातून विचारतेच, “मग नाते काय?” आजी बोटे मोजू लागते. बापाचा नवा मुलगा लेकाच्या मुलाचा काका. आणि हाच लेकाचा मुलगा उलट त्या काकाचा मामा! तेवीस कोडी सोडविणाऱ्या राजाला एवढे जमू नये? माझा तर सोमदेवावर थोडा रागच आहे.

भवभूतीने हे असे सोडले नसते. महामहोपाध्याय मिराशींच्या मते त्याचे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर. आज ते गोंदिया जिल्ह्यात मोडते, पण १९९९ पर्यंत आपल्या भंडाऱ्यातच होते. स्मशान त्यालाही परके नव्हते. ‘मालतीमाधवा’त त्याने भुतेखेते आणली आहेत. आणि ‘उत्तररामचरिता’त तर रामायणाचा शेवट बदलून सीता पुन्हा रामाच्या हाती दिली. वेताळ त्याच्या तावडीत सापडता, तर काका-मामाचा गुंता चुटकीसरशी सुटला असता, आणि मुले निमूटपणे झोपी गेली असती!