मनगट एक, घड्याळे सात

आमच्या डोंबिवलीच्या घरात सकाळी चहाच्या आधी एक विधी चालतो. मी टेबलाचा खण ओढतो, आतल्या सात घड्याळांतले एक उचलतो आणि त्याला चावी देऊ लागतो. आमच्या सौ. हा सोहळा गेली बारा वर्षे पाहत आहेत. "मनगट एक आणि घड्याळं सात! रावणाने घेतली असती तर गोष्ट वेगळी, त्याला हात तरी वीस होते!" हा त्यांचा ठरलेला शेरा.

सातही घड्याळे जुनी, सातही छोटी. हल्ली मनगटावर पोळपाट बांधल्यासारखी घड्याळे मिरवतात. माझी एच.एम.टी.ची 'जनता' जेमतेम ३५ मिलिमीटरची, शर्टाच्या बाहीखाली गुपचूप बसणारी. बायकांची जुनी घड्याळे तर चार आण्याच्या नाण्याहून थोडीशीच मोठी. एवढ्याशा डबीत चाके, कमान आणि माणकाचे खडे बसवायचे, म्हणजे तांदळावर अक्षरे कोरण्यासारखेच काम!

आमच्या भागातल्या माणसाला घड्याळाचा नाद लागावा यात नवल नाही. देशातली पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटली ती ठाण्यालाच आली, आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. तेव्हापासून आम्ही घटका-पळे सोडून मिनिटे मोजू लागलो. १९०६ साली सबंध देशाला एक वेळ लागू झाली, तरी मुंबईकरांनी आपला ३९ मिनिटे मागे असलेला 'मुंबई टाइम' काही ठिकाणी १९५५ पर्यंत जपला. गाडी चुकवणाऱ्याला मात्र कुठल्याच टाइमाने माफ केले नाही.

माझ्या आईला हे पक्के ठाऊक होते. ती मुंबईच्या एका कचेरीत नोकरीला. बंगलोरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने १९६१ साली एच.एम.टी.ची घड्याळे बनू लागली, आणि त्यांतले 'सुजाता' नावाचे बायकांचे घड्याळ आईने पगारातून पैसे साठवून घेतले. त्या काळी घड्याळ मिळायचे ते जावयाला, लग्नात. बाईने स्वतःच्या कमाईतून स्वतःसाठी घड्याळ घ्यायचे, याची आमच्या चाळीत आठवडाभर चर्चा झाली म्हणे! आईने ते मुद्दाम पाच मिनिटे पुढे ठेवले होते. भाजी फोडणीला टाकताना तिचा एक डोळा कढईवर आणि एक मनगटावर असे. निवृत्तीनंतरही ती पाच मिनिटे तिने कधी मागे घेतली नाहीत.

ती गेली आणि घड्याळ माझ्याकडे आले. बंद पडलेले, तबकडी पिवळसर, बाराच्या आकड्यापाशी एक तपकिरी डाग. वाटले, आईच्या वर्षश्राद्धाला ताईच्या हातात ते नव्यासारखे करून ठेवावे. एका दुकानात दिले. दुकानदार म्हणाला, "साहेब, डायल नवी रंगवून देतो. ओळखू येणार नाही!"

त्याने शब्द पाळला. खरेच ओळखू आले नाही.

ताईने डबी उघडली. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "दादा, हे कुणाचं रे?" तो डाग, ती पिवळी झाक, आम्ही दोघे लहानपणी आईच्या मांडीवर बसून ज्यावर बोट ठेवत वेळ वाचायला शिकलो ती तबकडी, सारे मी पैसे मोजून पुसून आणले होते. ताईने डबी मिटली आणि माझ्याच हातात परत दिली.

माझा छंद सुरू झाला तो या चुकीतून. पुढे कल्याणला एक म्हातारे घड्याळजी भेटले. डोळ्याला भिंग लावून त्यांनी मला 'जनता'चे पोट उघडून दाखवले. मधले तोलचाक तासाला १८,००० ठोके घेत होते, म्हणजे दिवसाला ४ लाख ३२ हजार! "तेल सुकतं, आणि चाकं तशीच घासत राहतात. दर काही वर्षांनी साफ करून तेल द्या. पावसात काढून ठेवा, चुंबकाजवळ ठेवू नका, आणि चावी अडली की थांबा. तबकडीला मात्र हात लावू नका," त्यांनी बजावले. अंधारात चमकणाऱ्या फार जुन्या घड्याळांच्या काट्यांवर रेडियम असते, ती घरी उघडू नयेत, हेही त्यांच्याकडूनच कळले.

वाचकहो, वेळ पाहायला खिशातला फोन पुरेसा आहे. क्वार्ट्‌झचे स्वस्त घड्याळही माझ्या सातांपेक्षा अचूक चालते. १९६९ साली जपानात ते आले आणि चावीच्या घड्याळांचे दिवस भरले. २०१६ साली सरकारने एच.एम.टी.चा घड्याळांचा व्यवसाय बंद करायचे ठरवले. आता सुटे भाग जुन्या घड्याळांतूनच काढावे लागतात आणि ते बसवणारे हातही थोडे उरले आहेत. म्हणूनच ही घड्याळे कपाटात पुजून ठेवू नयेत, वापरावीत. मनगटावरचे घड्याळ मागे पडू लागले की लगेच कळते. खणात विसरलेले मुकाट्याने बिघडते. आणि विकत घेताना तबकडी अगदी कोरी करकरीत दिसली, तर माझी आठवण काढून दोनदा विचार करावा.

गेल्या भाऊबीजेला ताई ठाण्याहून आली. ओवाळणे झाल्यावर मी ताटात पाकीट ठेवणार, तोच ती म्हणाली, "पैसे नकोत. ते घड्याळ दे."

मी चाचरत म्हणालो, "अगं, पण ते आईचं राहिलं नाही..."

ताईने चावी दिली, काटे जुळवले आणि घड्याळ मनगटावर बांधले. मी डोकावून पाहिले. भिंतीवर सात वाजले होते. ताईच्या हातावर सात वाजून पाच मिनिटे.

"आता झालं आईचं," ती म्हणाली.

खणात आता सहाच घड्याळे उरली आहेत. सौ. मात्र अजून सातच मोजतात.