आधी सुटका, मग उंची

ऑफ-रोड गाडीत बदल करताना खर्चाचा क्रम चुकला, तर पैशाबरोबर जीवही धोक्यात येतो

पावसाळ्याची चाहूल लागली की सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील कच्च्या वाटांकडे फोर बाय फोर गाड्यांची रीघ लागते. २०२० मध्ये महिंद्र थारचा नवा अवतार आणि २०२३ मध्ये मारुतीची पाच दरवाजांची जिम्नी बाजारात आल्यानंतर या छंदाने शहरी नोकरदारांच्या घरातही प्रवेश केला. गाडी दारात आली की मालकाची पावले लवकरच अॅक्सेसरीजच्या दुकानाकडे वळतात आणि पहिला विचार होतो तो गाडी उंच करण्याचा. दोन इंचांनी उचललेली गाडी रुबाबदार दिसते, यात शंका नाही. मात्र रुतलेली गाडी सुरक्षितपणे बाहेर काढण्याची साधने आधी आणि सस्पेन्शन नंतर, हाच खर्चाचा योग्य क्रम आहे. त्यामागे केवळ सावधगिरी नसून तांत्रिक कारणेही आहेत.

उंची नेमकी कशाची वाढते?

उंची वाढवणाऱ्या किटमध्ये मूळ स्प्रिंगच्या जागी अधिक लांब वा कडक स्प्रिंग आणि त्यांना साजेसे शॉक अॅब्सॉर्बर बसवले जातात. चेसिस व बॉडी त्यामुळे वर जाते. चढाच्या तोंडाशी बंपर टेकत नाही, उंचवट्यावर पोट घासत नाही आणि मोठ्या टायरला जागा मिळते. परंतु थारचा मागचा अॅक्सल आणि जिम्नीचे दोन्ही अॅक्सल अखंड आहेत. अशा अॅक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा हा गाडीचा सर्वांत खालचा भाग असतो आणि स्प्रिंग कितीही लांब केली तरी जमिनीपासूनचे त्याचे अंतर बदलत नाही. ते वाढवण्याचा व्यवहार्य मार्ग म्हणजे मोठे टायर, आणि त्यातही लाभ निम्माच. टायरचा व्यास ३० मिलिमीटरने वाढला, तर अॅक्सल १५ मिलिमीटरच वर जातो.

थारला मुळातच २२६, तर जिम्नीला २१० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स आहे. ओल्या मातीत गाडी अडते ती बहुधा उंचीअभावी नव्हे, तर टायरच्या खाचा चिखलाने भरून पकड सुटल्यामुळे. खोल खाचांचे चांगले टायर आणि कच्च्या वाटेवर १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवलेली हवा यांनी जे साधते, ते महागड्या स्प्रिंगने साधत नाही. डांबरी रस्त्यावर परतण्यापूर्वी हवा पुन्हा भरणे अनिवार्य असल्याने बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर सोबत हवाच.

स्प्रिंग वजनावरून ठरते

स्प्रिंगची निवड इंचांवरून नव्हे, तर गाडीवर कायम राहणाऱ्या भारावरून करायची असते. लोखंडी बंपर आणि विंच यांचे मिळून ७० ते १०० किलो वजन सहज होते आणि ते सगळे पुढच्या स्प्रिंगवर येते. आधी स्प्रिंग बदलून नंतर विंच बसवणाऱ्याची गाडी पुढून खचते आणि स्प्रिंगचा खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो. उलट, जड भारासाठीची कडक स्प्रिंग रिकाम्या गाडीला लावली, तर ती खड्ड्याखड्ड्याला उसळते. चाक जमीन सोडते आणि जमीन सोडलेले चाक गाडीला पुढे नेऊ शकत नाही. शॉक अॅब्सॉर्बरही नव्या स्प्रिंगला अनुरूप असावे लागतात. जुनेच ठेवल्यास खडबडीत रस्त्यावर त्यांतील तेल तापते आणि गाडी झोके घेऊ लागते.

उंचीची किंमत अन्यत्रही मोजावी लागते. नव्या थारचे पुढचे सस्पेन्शन स्वतंत्र पद्धतीचे आहे. तेथे उंची वाढली की चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचा कोन तीव्र होतो, सांधे लवकर झिजतात आणि त्यांवरील रबरी आवरणे फाटतात. जिम्नीत पॅनहार्ड रॉडमुळे अॅक्सल किंचित एका बाजूला सरकतो आणि पुढच्या अॅक्सलचा कोन बदलून स्टीअरिंग अस्थिर वाटू लागते. ब्रेकच्या नळ्या ताणल्या जात नाहीत ना, हे तपासून अलाइनमेंट करून घ्यावे लागते. शिवाय गुरुत्वमध्य वर गेल्याने घाटाच्या वळणावर गाडी अधिक कलते. म्हणूनच किटची किंमत विचारताना या दुरुस्त्यांचाही हिशेब मागावा.

खरा धोका दोर ताणल्यावर

रुतलेली गाडी ओढताना सर्वांत मोठी चूक होते ती दोर अडकवण्याच्या जागेची. बंपरचे ब्रॅकेट, स्टीअरिंगचे रॉड, गाडी वाहून नेताना बांधण्यासाठी दिलेल्या कड्या अथवा ट्रेलर जोडण्याचा गोळा यांपैकी काहीही या कामासाठी नसते. ताण येताच असा भाग तुटून गोळीसारखा सुटतो. अशा अपघातांत परदेशांत माणसे दगावली आहेत. चेसिसला पक्के बोल्ट केलेले आणि क्षमता नमूद असलेले रिकव्हरी पॉइंट, पुढे आणि मागे, ही म्हणूनच पहिली खरेदी असायला हवी.

दुसरी खरेदी पट्ट्याची. ट्रकमागे बांधतात तो पॉलिएस्टरचा पट्टा जवळजवळ ताणला जात नाही. त्याला झटका दिला, तर सारा भार हुकवर येतो. चिखलातून काढण्यासाठी नायलॉनचा, सुमारे २० टक्के ताणला जाणारा पट्टा किंवा त्याहूनही लवचीक दोर लागतो. त्याची तुटण्याची क्षमता दोहोंपैकी हलक्या गाडीच्या भारासह वजनाच्या दुप्पट ते तिप्पट असावी. गरजेपेक्षा फार मजबूत पट्टाही कुचकामी, कारण सुमारे १२०० किलोच्या जिम्नीने तो पुरेसा ताणलाच जात नाही. शॅकलवर क्षमतेचा आकडा कोरलेला असावा. १९ मिलिमीटरची ४.७५ टनांची शॅकल या गाड्यांना पुरते. दोन पट्टे जोडताना मध्ये शॅकल वापरू नये. पट्टा तुटला, तर तिचाच तोफगोळा होतो. दोरावर जाड आवरण टाकावे आणि बघ्यांना दोराच्या किमान दीडपट अंतरावर उभे करावे.

विंच हवा तो एकट्याने दूर जाणाऱ्यास. त्याची क्षमता गाडीच्या भारासह वजनाच्या किमान दीडपट असावी. छापील आकडा ड्रमवरील दोराच्या पहिल्या थराचा असतो आणि थर वाढत जातात तशी ओढ घटते. झाडाला दोर थेट न गुंडाळता रुंद पट्टा वापरला, तर साल सोलवटत नाही. नेहमी दोन-तीन गाड्यांसोबत जाणाऱ्यांचे काम पट्टा, शॅकल, फावडे आणि चाकाखाली सरकवायच्या फळ्यांवर भागते.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमावर ठाम निर्वाळा दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, अथवा दोन्ही अशी तरतूद झाली. बंपरपुढील लोखंडी गार्डवर कारवाई करण्याच्या सूचना केंद्राने राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच दिल्या होत्या. त्यामुळे उंची, बंपर वा टायरचा आकार बदलण्यापूर्वी आरटीओ आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करणे शहाणपणाचे. गाडीच्या मागे पेटीत ठेवलेला पट्टा, शॅकल, फावडे आणि कॉम्प्रेसर यांना मात्र हा प्रश्न लागू होत नाही.

दुकानात जाण्यापूर्वी मालकाने तीन गोष्टी कागदावर मांडाव्यात: वर्षातून किती दिवस कच्च्या वाटेवर जाणार, सोबत दुसरी गाडी असणार का आणि गाडीवर कायमचे किती वजन राहणार. बहुतेकांच्या बाबतीत उत्तर रिकव्हरी पॉइंट, पट्टा आणि टायर येथेच थांबते. ज्यांचे त्यापुढे जाते, त्यांना कोणती स्प्रिंग हवी, हे त्याच कागदावरील तिसरा आकडा सांगतो.