पेटी आणि डग्गा ओळखणारा कान

पेटीवाला भात्यावरून ओळखू येतो आणि तबलजी डग्ग्यावरून. जाझचे रसिक जसे नुसत्या ऐकण्यावरून पियानोवादक आणि बासवादक सांगतात, तशी पारख मराठवाड्यात पेटी आणि डग्ग्याची होत आली. तिची गरजही होती. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर बहुधा गायकाचेच नाव छापलेले असे. साथीला कोण बसले होते, याची नोंद ऐकणाऱ्याच्या कानातच राहिली.

नांदेड आणि लातूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते, त्यामुळे गाण्याबजावण्याचा एक ओढा हैदराबादकडे होता. सोलापुरात जन्मलेले तबलानवाझ शेख दाऊद हैदराबादच्याच नभोवाणीवर होते. भरलेला ठेका, गोड हात आणि गायकाच्या आड न येणारा डग्गा ही त्यांच्या साथीची खूण.

पेटीची गोष्ट वेगळी झाली. मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली. तिचे स्वर ठरलेले, तिच्यात सुरावरून सुरावर घसरत जाणारी मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, हे आक्षेप होते. १९५० मध्ये निजामाची नभोवाणी आकाशवाणीत आली आणि ही बंदी मराठवाड्याच्या श्रोत्यांनाही लागू झाली. ती १९७१ मध्ये सैल झाली. मधली एकवीस वर्षे रेडिओवर सारंगी, पेटी मात्र भजनात, कीर्तनात, नाटकाच्या तंबूत. पेटीचा कान इथे वादकासमोर बसून तयार झाला, बोटे आणि भाता डोळ्यांनी पाहत.

ज्या उणिवेवरून बंदी आली, तीच वादक ओळखण्याची किल्ली आहे. मींड निघत नाही म्हणून दोन सुरांमधली फट प्रत्येकजण आपापल्या रीतीने बुजवतो. जालना भागातल्या आप्पा जळगावकरांची (१९२२–२००९) सुरुवात धृपद-धमार गायकीने झाली होती. त्यांची पेटी गायक जिथे श्वास घेतो तिथेच श्वास घेते. गोविंदराव पटवर्धन नाट्यपदातली तान तिच्या शेपटाला धरून उचलतात. तुळशीदास बोरकर भात्याचा दाब हलका ठेवून सूर लांबवतात, तर त्यांचे गुरू पी. मधुकर एकल वादनातल्या वेगवान, सुट्या बोटांवरून कळतात. एवढ्या खुणा ज्या वाद्यावर उमटतात, त्यावर बंदी घालणे चूकच होते.

डग्ग्याची परीक्षा घुमाऱ्यात. मनगटाचा दाब पुढे सरकला की सूर चढतो, सैल सोडला की उतरतो. दिल्लीचा बाज किनारीवर चालतो आणि डग्गा मोजका ठेवतो. अजराडा घराण्याने त्याच डग्ग्याला लांब, वळणदार बोल दिले. अहमदजान थिरकवांनी गंधर्व नाटक मंडळीत वाजवल्यामुळे हे फरक मराठी श्रोत्यांना नाट्यसंगीतातूनच कळू लागले.

वारकरी पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात. पंजाब घराण्यातही डाव्या तबल्याला कणीक लावण्याची जुनी रीत होती. ओली कणीक सूर खाली ओढते, वाळत गेली की तो वर सरकतो. भजन किती वेळ चालले आहे, हेही जाणत्याला त्यावरून कळते. अंबाजोगाईजवळच्या आपेगावचे पखवाजवादक शंकरबापू आपेगावकर यांना १९८६ मध्ये पद्मश्री मिळाली. लातूर भागातल्या भजनी मंडळांत त्यांच्या बाजाचा दबदबा आहे: खुला, जड हात आणि समेवर पडणारी अचूक थाप.

कॅसेट आली आणि डोळे बाजूला पडले, उरला फक्त कान. १९९१ मध्ये नांदेडला आकाशवाणी केंद्र सुरू झाले, तोवर घरोघरी भजनाच्या नि सप्ताहाच्या कॅसेट साठल्या होत्या. त्यांतल्या किती तरी कॅसेटवर गावाचे नाव आणि तिथी आहे, पेटीवाल्याचे नाव नाही. आवाज ओळखणारी वडीलधारी माणसे अजून घरात आहेत. त्यांना त्या कॅसेट ऐकवाव्यात आणि त्यांनी सांगितलेली नावे वेष्टनावर लिहून ठेवावीत.