शब्द चालू लागतात तेव्हा

१९५९ सालच्या ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ या हिचकॉकच्या चित्रपटात सॉल बास यांनी श्रेयनामावलीतली नावे लिफ्टसारखी वर-खाली नेली. आज डिझाइनचे विद्यार्थी संगणकावर तीच विद्या शिकतात. रोमन लिपीतील अक्षरे सुटी असल्याने एकेक करून पडद्यावर आणता येतात. आपल्या देवनागरीचे तसे नाही. ‘किरण’ हा शब्द घ्या. डोळ्यांना आधी वेलांटी दिसते, पण कानांना आधी ‘क’ ऐकू येतो. नुसती वेलांटी पुढे धावली, तर वाचणारा अडखळणारच! म्हणून ‘कि’ अख्खे आणावे, शिरोरेषा सलग वाढवावी आणि पुरा झालेला शब्द वाचून होईपर्यंत स्थिर ठेवावा. शब्द वाचताच आला नाही, तर अक्षरांचा सगळा नाच फुकट!