सभागृह रिकामे राहते तेव्हा

लोकशाहीचा घात म्हटले की डोळ्यांपुढे बंदुका येतात, रणगाडे येतात. पण पुष्कळदा हे संकट ‘निवडणूक जरा पुढे गेली’ एवढ्या साध्या शब्दांत येते, आणि आपण मान डोलावून कामाला लागतो.

मुंबईचेच पाहा. महानगरपालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. पालिकेची मुदत पाच वर्षांची, आणि ती संपण्याआधी नवी निवडणूक पुरी झाली पाहिजे, असे राज्यघटना सांगते. प्रत्यक्षात मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी! मधली पावणेचार वर्षांहून अधिक काळ एकही नगरसेवक नव्हता. आयुक्त हेच प्रशासक.

कारणांना तोटा नव्हता. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात होता. प्रभाग २२७ चे २३६ झाले; सरकार बदलल्यावर पुन्हा २२७ झाले. तोही वाद कोर्टात. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका उरकण्यास सांगितले. तरी मतदानाला आणखी आठ महिने लागले. प्रत्येक कारण सुटे पाहिले तर पटण्यासारखे. सगळ्यांची बेरीज मात्र रिकामे सभागृह.

कोणी म्हणेल, “अहो, नळाला पाणी येत होते, परळचे के. ई. एम. रुग्णालय चालू होते, मग बिघडले कुठे?” कारभार चालू होता, हे खरे. बंद पडले होते ते जाब विचारणे. एरवी आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, आणि स्थायी समिती व महासभा त्यावर चर्चा करून ते मंजूर करतात. या काळात मांडणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच. मुलाने पेपर लिहावा आणि मार्कही त्यानेच द्यावेत, तशी गत! मूल हुशार असेल, प्रामाणिकही असेल. पण अशी परीक्षा कोणता शिक्षक मान्य करील? २०२५-२६ चे अंदाजपत्रक तर ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचे होते. त्यातला पैसा लालबागला किती, गिरगावला किती, हे सभागृहात उभे राहून विचारणारा निवडून आलेला माणूस नव्हता.

अमेरिकेसारख्या जुन्या लोकशाहीतही हा धोका दिसला. हरलेल्या उमेदवाराने पराभव मान्य करावा, हा तिथला कायदा नाही, रिवाज आहे. २०२० मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी तो पाळला नाही, आणि ६ जानेवारी २०२१ रोजी त्यांच्या समर्थकांचा जमाव मतमोजणी चालू असताना संसदभवनात घुसला. तिथे रिवाज मोडला, आपल्याकडे घटनेतला नियम लांबणीवर पडला. लेखी असो वा तोंडी, पाळण्याचा आग्रह धरणारे लोक नसले की नियम लंगडा पडतो.

हे मुंबईपुरते नाही. राज्यातल्या अनेक जिल्हा परिषदांवर आणि पंचायत समित्यांवरही २०२२ पासून प्रशासक बसले. तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, नागरिकशास्त्राच्या तासाला मुलांना एक प्रश्न घाला: आपल्या ग्रामपंचायतीची मुदत कधी संपते? उत्तर फळ्यावर लिहून ठेवा. आणि गावकरी मंडळी, ती तारीख टळली, तर ग्रामसभेत उभे राहून कारण विचारा. पहिल्याच महिन्यात विचारा. चौथ्या वर्षी विचारण्याची सवयच उरत नाही.