बाराखडी शिकणारे पाद्री

मित्रांनो, समजा उद्या तुम्हाला अशा शाळेत बसवलं, जिथं तुमची भाषा कुणालाच येत नाही. पाणी कुठं मिळेल हे विचारायचीसुद्धा पंचाईत! अंबरनाथ पश्चिमेला राहणाऱ्या मुलांना हे नवं नाही. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या बाजूला कितीतरी राज्यांतून आलेली घरं आहेत. गाडीनं एकच स्टेशन पुढं, उल्हासनगरला गेलं की दुकानादुकानातून सिंधी ऐकू येतं. तिथल्या कित्येक आजी-आजोबांनी फाळणीनंतर इथं आल्यावर मोठ्या वयात मराठी शिकून घेतलं.

आज मी तुम्हाला ज्यांच्याबद्दल सांगणार आहे, तेही मोठ्या वयात मराठी शिकले. ते इंग्लंडमधून आले होते, तिशीचे होते, आणि धर्माचं काम करायला आले होते. त्यांचं नाव फादर थॉमस स्टीफन्स.

थॉमसचा जन्म १५४९च्या सुमाराचा, विल्टशायर परगण्यातल्या बुश्टन गावचा. तो मोठा झाला तेव्हा इंग्लंडवर पहिल्या एलिझाबेथ राणीचं राज्य होतं. राणी प्रॉटेस्टंट पंथाची, आणि थॉमस कॅथलिक. दोघंही ख्रिस्तीच, बरं का! तरी कॅथलिकांना तिथं उघडपणे आपली प्रार्थना करता येत नसे. थॉमसचा एक श्रीमंत मित्र होता, थॉमस पाउंड. पाउंड साहेब आणि स्टीफन्स त्यांचा नोकर, असं सोंग घेऊन दोघं गावोगाव फिरत. रोमला जाऊन जेझुइट संघात सामील व्हायचं दोघांचंही ठरलं होतं. पण पाउंड पकडला गेला आणि पुढली सुमारे तीस वर्षं त्याची तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटाच रोमला पोचला. १५७५ साली त्याला संघात घेतलं.

तिथून त्यानं हिंदुस्थानात जायचं ठरवलं. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बन बंदरातून गोव्याकडे पाच गलबतं निघाली, त्यांतल्या एकावर तो होता. गोव्याला पोचायला उजाडला २४ ऑक्टोबर! म्हणजे एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा देऊन निघालात, तर सहामाही उलटून गेल्यावर उतरणार.

या प्रवासाचं वर्णन त्यानं वडिलांना लिहून पाठवलं. ते पत्र पुढं इंग्लंडमध्ये छापलं गेलं, म्हणून आज आपल्याला वाचता येतं. गलबतांवर लहान मुलंही पुष्कळ होती आणि ती मोठ्या माणसांपेक्षा समुद्र चांगला सोसतात, असं त्यात लिहिलंय. वाचून कॉलर ताठ झाली ना? पण पुढचं वाचवत नाही. महिनोन्महिने ताजी भाजी नाही, फळ नाही, धड पाणी नाही. माणसांच्या हिरड्या सुजत, पाय सुजत, हातपाय हलवता येईनासे होत. आज आपण याला स्कर्व्ही म्हणतो आणि ती 'क' जीवनसत्त्वाच्या अभावानं होते, हे सातवीतला मुलगाही सांगेल. तेव्हा ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याच्या गलबतावर दीडशेच्या वर माणसं आजारी पडली, त्यांतली सत्तावीस दगावली. आणि एवढी माणसं गेली तरी खलाशांच्या हिशेबी ही सफर बरी झाली होती.

वाटेत प्रवाहानं त्यांना भलतीकडे ओढून नेलं. हिंदुस्थान आला असं वाटत होतं, तर ते निघालं सोकोत्रा बेटाच्या आसपास! शेवटी किनारा जवळ आल्याच्या खुणा दिसू लागल्या. ओळखीचे पक्षी, पाण्यावर तरंगणाऱ्या माडाच्या झावळ्या, पोहणारे साप, आणि निसर्गानंच छाप मारल्यासारख्या नाण्याएवढ्या गोल चकत्या. पत्रात या सगळ्याची नीट नोंद आहे. हा माणूस डोळे उघडे ठेवून प्रवास करत होता.

गोव्यात येऊन राहिलेला हा पहिला इंग्रज, असं मानतात. ईस्ट इंडिया कंपनी निघाली १६०० साली, म्हणजे त्यानंतर एकवीस वर्षांनी.

त्यांना काम मिळालं साष्टीत. थांबा, ही आपल्या ठाण्याची साष्टी नव्हे हं. गोव्यातही मडगावच्या आसपासच्या मुलखाला साष्टीच म्हणतात. दोन्हीकडे सहासष्ट गावं मोजली जात, म्हणून नाव एकच. पोर्तुगीज दोन्हीकडे राज्य करत होते, त्यामुळे जुने कागद वाचणाऱ्यांची भलतीच तारांबळ उडते.

या साष्टीत फादर स्टीफन्स सुमारे चाळीस वर्षं राहिले. प्रार्थना चालवायची, मुलांना धर्माचे धडे द्यायचे, आजाऱ्याला भेटायचं, मेलेल्याला मूठमाती द्यायची. मिशनऱ्याचा दिवस या कामांत जातो. पण यातलं एक तरी काम लोकांची भाषा आल्याशिवाय करता येईल का? गोव्यात आलेले पुष्कळ पाद्री दुभाष्यावर काम भागवत. विचार करा, तुम्ही आईला काही मनातलं सांगताय आणि मध्ये तिसराच माणूस बसलाय! फादर स्टीफन्स स्वतः भाषा शिकले. बोलीही शिकले आणि पोथीतली मराठीही.

१५८३ साली त्यांनी आपल्या भावाला एक पत्र लिहिलं. त्यात नारळाच्या झाडाचं कौतुक आहे. एका झाडापासून तेल, ताडी, गूळ-साखर, शिरका, दोर आणि झोपडीवर घालायला झावळ्या, आणि फळ तर वर्षभर! कोकणातल्या मुलाला यात विशेष वाटणार नाही, पण विल्टशायरच्या शेतात वाढलेल्या भावाला ते जादूच वाटलं असेल. त्याच पत्रात ते इथल्या भाषांबद्दल लिहितात. या कानाला गोड लागतात, त्यांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती आहे, आणि इथलं एक अक्षर म्हणजे अख्खा उच्चार असतो. झालं! आपली बाराखडी त्यांना कळली होती. संस्कृतचं युरोपातल्या भाषांशी नातं आहे, हे सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात सांगितलं १७८६ साली. फादर स्टीफन्सना त्याचा सुगावा दोनशे वर्षं आधीच लागला होता.

पण १५८३ हे वर्ष फार वाईटही होतं, आणि ते तुमच्यापासून लपवून ठेवणं बरं नाही. पोर्तुगीज सरकारनं साष्टीतली देवळं १५६७ साली पाडली होती. सण, पोथ्या, पूजा यांवर बंदी आली होती. लोकांच्या मनात राग धुमसत होता. जुलै १५८३मध्ये कुंकळ्ळी गावी पाच जेझुइट गेले आणि गावकऱ्यांनी त्यांना ठार मारलं. त्यांतले रुडॉल्फ अक्वाविवा आदल्या काही वर्षांत अकबर बादशहाच्या दरबारी राहून आले होते. नंतर पोर्तुगीजांनी बोलणी करायची म्हणून गावातल्या प्रमुखांना आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि दगा देऊन मारलं. दोन्हीकडे बायकामुलं रडली. फादर स्टीफन्स याच मुलखात काम करत होते. ज्यांच्यात राहायचं त्यांच्या मनात आपल्या राज्यकर्त्यांविषयी राग आहे, आणि आपले सोबती त्याच रागाला बळी पडलेत. अशा वेळी कितीतरी माणसं परत जातात, किंवा कडू होतात.

त्याच वर्षाच्या अखेरीला आणखी एक प्रसंग घडला. चार इंग्रजांना पोर्तुगीजांनी हेर समजून पकडलं आणि गोव्याच्या तुरुंगात टाकलं. राल्फ फिच आणि जॉन न्यूबेरी हे त्यांतले दोघे. इंग्रज म्हणजे बहुधा प्रॉटेस्टंट. ज्या राज्यानं स्टीफन्सना सोंग घेऊन पळायला लावलं, त्यांच्या मित्राला कोठडीत डांबलं, त्याच राज्याची ही माणसं. फादर स्टीफन्सनी त्यांच्यासाठी खटपट केली आणि त्यांना जामिनावर सोडवलं. फिच पुढं पळून जाऊन मायदेशी पोचला आणि त्यानं ही हकिकत लिहून ठेवली. शत्रूवर प्रेम करा हे चर्चमध्ये सांगणं सोपं आहे. जामीन मिळवायला मात्र सरकारदरबारी हेलपाटे घालावे लागतात.

आता त्यांच्या मोठ्या कामाकडे वळू.

साष्टीतले जे लोक ख्रिस्ती झाले, त्यांच्या घरातून पोथ्या गेल्या. पूर्वी संध्याकाळी रामाची, कृष्णाची कथा ऐकायची सवय. आता त्या वेळी करायचं काय? अशाच एका माणसानं पाद्रीबाबांना विचारलेला प्रश्न त्यांच्या ग्रंथात आलाय. त्याचा भाव असा, की आमची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्या जागी दुसरं पुराण तरी का देत नाही? मला तर या प्रश्नात तक्रार ऐकू येते. लेखकानं ती गाळली नाही, स्वतःच्या पुस्तकात ठेवली, याचं मला मोठं अप्रूप वाटतं.

त्यांनी उत्तर दिलं ते 'क्रिस्तपुराण' लिहून. सुमारे अकरा हजार ओव्या! पहिल्या भागात जगाच्या उत्पत्तीपासूनची बायबलातली जुनी कथा, दुसऱ्यात येशूचं चरित्र. छंद ओवीचा, म्हणजे ज्ञानेश्वरांचा आणि एकनाथांचा. नाथमहाराजांनी १५९९ साली देह ठेवला, म्हणजे वीस वर्षं हे दोघे एकाच काळात इकडे पैठणला आणि तिकडे साष्टीत होते. येशूच्या कथेत स्वर्गाला त्यांनी शब्द वापरला 'वैकुंठ'. ऐकणाऱ्याला परकं वाटू नये म्हणून. मराठीचं कौतुक करताना फुलांतला मोगरा, सुवासातली कस्तुरी, पक्ष्यांतला मोर असे दाखले त्यांनी दिले. विल्टशायरात मोगराही नाही आणि कस्तुरीही नाही, बरं का. प्रस्तावनेत ते सांगतात, की देवाच्या गोष्टी सांगायला या मुलखात मराठीच योग्य वाटली. पण शुद्ध मराठी सगळ्यांना कळत नाही, म्हणून इथल्या बोलीतले सोपे शब्द मिसळलेत.

हे एका दिवसात साधत नाही. आईबाबांनो, तुमच्या मुलाला इंग्रजीत सहा महिन्यांत कमी गुण पडले म्हणून रागवाल, तेव्हा ध्यानात असू द्या. १५७९ साली गोव्यात उतरलेल्या माणसाचं पुराण छापून झालं १६१६ साली. मधली वर्षं सदतीस.

छपाईची गोष्ट तर आणखी गमतीची. गोव्यात छापखाना १५५६ सालीच आला होता, पण खिळे रोमन अक्षरांचे. आपल्या वाचकाला त्याच्याच लिपीत पुस्तक मिळावं, ही फादर स्टीफन्सची फार दिवसांची इच्छा. १६०८ साली त्यांनी रोमला आपल्या संघाच्या मुख्यांना तसं लिहिलं. अडचणही सांगितली. युरोपात चोवीस साचे पुरतात, इथं सहाशे लागतील! का, ते तुम्हीच मोजून पाहा. क, का, कि, की करत जा, मग जोडाक्षरं घ्या. वही लवकर भरेल. सहाशे साचे काही पाडले गेले नाहीत. 'क्रिस्तपुराण' राशोलच्या छापखान्यातून रोमन अक्षरांतच बाहेर पडलं.

लोकांनी मात्र ते आपलं केलं. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, प्रार्थनेनंतर ते वाचलं जाई. १६४९ आणि १६५४ साली ते पुन्हा छापावं लागलं. ते पाहायला फादर स्टीफन्स नव्हते, १६१९ साली गोव्यातच त्यांचं निधन झालं. इंग्लंडला ते कधीच परत गेले नाहीत. त्यांनी लिहिलेलं इथल्या बोलीचं व्याकरण १६४० साली छापलं गेलं. कोकणीचं ते पहिलं छापील व्याकरण. एका इंग्रजानं, पोर्तुगीज भाषेत, आपल्या बोलीचे नियम लिहिले. कसं वाटतं ऐकून?

पुढं १६८४ साली पोर्तुगीज सरकारनं हुकूम काढून लोकांची भाषाच दाबायला सुरुवात केली. ज्या राज्याच्या आसऱ्यानं हे पुराण छापलं गेलं, त्याच राज्यात त्याची भाषा नकोशी झाली. पण लोकांनी हातानं नकला करून ते जपलं. पार मंगळूरपर्यंत ते गेलं आणि तिथं १९०७ साली पुन्हा छापलं गेलं. जुन्या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज उरलेली नाही. उरल्या त्या हातांनी लिहिलेल्या. त्यांतली एक, चक्क देवनागरी अक्षरांतली, लंडनमधल्या एका संग्रहात सापडली.

मडगावपासून राशोल जवळच आहे. टेकडीवरची सेमिनरी अजून उभी आहे, तिथं आजही पाद्री होणारी मुलं शिकतात. सुट्टीत गोव्याला गेलात तर समुद्रावरून एक दिवस काढून तिकडे जाऊन या.

आणि त्या सहाशे साच्यांचं काय झालं, ते राहिलंच. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी अख्खं 'ख्रिस्तपुराण' पुण्यात देवनागरीत छापून काढलं. १६१६च्या त्या पहिल्या छपाईला तेव्हा ३४० वर्षं झाली होती.